सिलिकॉनची नळी टिकते, पण गळतो तो सांधा

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात आपल्या मोटारीच्या रेडिएटरच्या मूळ काळ्या रबरी नळ्या काढून त्यांच्या जागी निळ्या सिलिकॉनच्या नळ्या बसवल्या आणि पुढच्या तीन आठवड्यांत त्याला तीन वेळा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, भरावे लागले. चांगल्या स्थितीतल्या नळ्या का काढल्यास, असे मी विचारले, तेव्हा त्याने मोबाइलवर फिरत असलेला एक संदेश मला वाचायला दिला. हा संदेश याआधी दोन परिचितांकडूनही माझ्यापर्यंत आला होता आणि मी तो दुर्लक्षून सोडून दिला होता. आता त्याच्यामुळे घरातलीच एक गाडी बिघडल्यावर त्याचे उत्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सिलिकॉनची नळी मूळ रबराच्या कितीतरी पुढचे तापमान सोसते, म्हणून ती कधीच गळत नाही. बसवल्यावर सुरुवातीला काही थेंब दिसले तर घाबरू नये, नळी जागेवर 'बसत' असते. गळती थांबेपर्यंत क्लॅम्प, म्हणजे नळीचे टोक आवळून धरणारी पट्टी, रोज थोडा थोडा आवळत जावा आणि तरीही न थांबल्यास सांध्यात सिलिकॉन सीलंट भरावा, कारण दोन्ही एकाच जातीचे असल्याने ते एकजीव होतात. या नळ्यांमुळे इंजिन दहा अंशांनी थंड राहते, नुसते पाणी घातले तरी चालते, आणि एकदा बसवल्यावर त्या आयुष्यभर बदलाव्या लागत नाहीत.

पहिल्या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. शीतकरणाच्या नळ्यांसाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचे जे20 नावाचे मानक आहे. त्यात नळ्यांचे वर्ग त्यांच्या रबरानुसार पाडलेले आहेत, आणि सिलिकॉनचा वर्ग ईपीडीएमच्या, म्हणजे मोटारींत सर्रास असणाऱ्या काळ्या कृत्रिम रबराच्या, वर्गापासून वेगळा आहे. या मानकाप्रमाणे बनवलेल्या सिलिकॉन नळ्यांची मर्यादा उत्पादक साधारणपणे उणे 54 ते 177 अंश सेल्सिअस अशी देतात, तर साध्या ईपीडीएमची वरची मर्यादा 125 अंशांच्या आसपास असते. परंतु निरोगी इंजिनातले कूलंट 90 ते 110 अंशांच्या दरम्यान वावरते. हे तापमान दोन्ही पदार्थांच्या आवाक्यातले आहे. म्हणजे संदेश ज्या अधिकच्या 50 अंशांचे कौतुक करतो, ते टर्बोचार्जरला किंवा एक्झॉस्टला अगदी खेटून जाणारी नळी सोडली तर कधी वापरातच येत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की जे20 हे मानक नळीचे आहे. क्लॅम्पसाठी त्याच संस्थेचे जे1508 हे निराळे मानक आहे. ज्या संस्थेच्या आकड्यावर संदेशाचा सगळा डोलारा उभा आहे, तीच संस्था नळी आणि क्लॅम्प यांचा विचार स्वतंत्रपणे करते, कारण नळी चांगली असणे आणि सांधा घट्ट असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सिलिकॉन नळ्या बसवल्यानंतर होणारी गळती बहुतेक वेळा नळीच्या अंगातून होत नाही. ती नळीचे टोक आणि ती जिच्यावर चढवलेली असते ती धातूची किंवा प्लास्टिकची तोटी यांच्या मधून होते. तिथे पाणी अडते ते रबर तोटीवर सर्व बाजूंनी सारखे दाबले गेल्यामुळे. तो दाब कुठेही कमी पडला, तर नळी 177 अंश सोसते की 300, याने काही फरक पडत नाही.

आता क्लॅम्प रोज आवळण्याचा सल्ला. संपूर्ण संदेशातले सर्वांत घातक वाक्य हेच आहे, आणि भाच्याच्या गाडीचे नुकसान त्याच्यामुळेच झाले, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

मोटारीच्या मूळ नळ्यांवर बहुधा स्प्रिंगचा क्लॅम्प असतो. तो दिसायला साधा असला तरी त्याचे काम हुशारीचे आहे, कारण रबर गरम होऊन फुगले की तो उघडतो आणि थंड होऊन आकसले की मिटतो, त्यामुळे दाब जवळपास कायम राहतो. बाजारातल्या सिलिकॉन नळीची भिंत पुष्कळदा मूळ नळीपेक्षा जाड असते, त्यामुळे जुना स्प्रिंग क्लॅम्प तिच्यावर बसत नाही आणि त्याच्या जागी पेचाने आवळायचा, पट्टीला आरपार खाचा असलेला साधा क्लॅम्प येतो. हा क्लॅम्प ज्या व्यासावर आवळला, त्याच व्यासावर राहतो. सिलिकॉन रबर मात्र तापमानाबरोबर ॲल्युमिनियमच्या सुमारे दहापट प्रसरण पावते. गाडी चालू असताना ते फुगून क्लॅम्पखाली अधिकच दाबले जाते आणि सांधा कोरडा राहतो. रात्रभर उभी राहून गाडी थंड झाली, की रबर आकसते, क्लॅम्प मात्र तिथेच राहतो आणि सकाळी खाली थेंब दिसतात. ही थंड अवस्थेतली गळती आहे. तिच्यात काहीही 'बसत' नसते. उलट सततच्या दाबाखाली रबराचा लवचिकपणा थोडा थोडा कमी होत जातो, म्हणून ती दिवसेंदिवस वाढते.

अशा वेळी क्लॅम्प आणखी आवळला तर काय होते, हे भाच्याच्या गाडीवर स्पष्ट दिसत होते. सिलिकॉन मऊ असल्यामुळे ते पट्टीच्या खाचांतून वर उचलले गेले होते आणि खाचांच्या धारदार कडांनी त्याचे बारीक तुकडे कापले होते. एका जागी तर आतला कापडाचा थर उघडा पडला होता. प्रत्येक नव्या फेऱ्याने दाब वाढण्याऐवजी रबर कापले जात होते. हे एवढ्यावरही थांबले नाही. अलीकडच्या बहुतेक रेडिएटरांच्या बाजूच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात आणि नळीची तोटी त्याच टाकीचा भाग असते. वर्षानुवर्षे गरम कूलंटमध्ये राहून हे प्लास्टिक ठिसूळ होते. भाच्याने तिसऱ्या आठवड्यात आपले समाधान होईपर्यंत पेच फिरवला, तेव्हा तोटीला केसाएवढी चीर गेली. "मामा, संदेशात तर गळती थांबेपर्यंत आवळा असेच लिहिले होते," हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जी गाडी फार तर योग्य क्लॅम्पने दुरुस्त झाली असती, तिचा रेडिएटर बदलावा लागला.

या मुद्द्यात सत्याचा एक लहानसा अंश आहे, तोही नाइलाजाने नोंदवतो. नवी नळी बसवल्यावर गाडी काही वेळा पूर्ण गरम होऊन थंड झाली, की एकदा, इंजिन थंड असताना, क्लॅम्पचा घट्टपणा तपासणे योग्यच आहे. पण ते एकदाच करायचे असते. त्यानंतरही सांधा ओला होत असेल, तर चूक क्लॅम्पच्या प्रकारात, नळीच्या मापात किंवा तोटीच्या पृष्ठभागात आहे, आणि त्यांपैकी कोणतीही पेच फिरवून सुधारत नाही. सिलिकॉनसाठी आतून गुळगुळीत पट्टीचा, खाचा रबरापर्यंत पोचू न देणारा क्लॅम्प घ्यावा, किंवा स्प्रिंगच्या साह्याने दाब कायम राखणारा क्लॅम्प योग्य मापाचा मिळवावा. तो तोटीच्या उंचवट्याच्या मागे बसला पाहिजे, उंचवट्यावर नव्हे. आणि नळीच्या टोकापासून काही मिलिमीटर आत. नळीचा आतला व्यास तोटीपेक्षा मोठा असेल तर आवळताना रबराला घडी पडते आणि त्या घडीतून कूलंटला सरळ वाट मिळते. जुन्या ॲल्युमिनियमच्या तोटीवर गंजाचे खड्डे किंवा आधीच्या रबराचे चिकटलेले अवशेष राहिले असतील तर तेही आधी साफ केले पाहिजेत. काही गाड्यांत मूळ नळीच्या टोकाला ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, असलेला, खटका लावून बसणारा जोड असतो. तिथे साधी सिलिकॉनची नळी चढवून क्लॅम्प लावणे ही जुळवाजुळव आहे, आणि तिथून गळती झाल्यास आश्चर्य वाटू नये.

सीलंटचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. आधीच कडक झालेल्या सिलिकॉन रबरावर आणि कूलंटने ओल्या असलेल्या तोटीवर ट्यूबमधला सीलंट एकजीव होत नाही. तो सांध्यातून आत पिळला जातो, त्याचे तुकडे सुटतात आणि रेडिएटरच्या किंवा हीटरच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढच्या वेळी नळी काढताना तोटी खरवडावी लागते ती वेगळीच.

काही वाचक विचारतील, की कुठेही थेंब दिसत नाही, तरी कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते, त्याचे काय? सिलिकॉनच्या समर्थकांनी सहसा न सांगितलेली गोष्ट इथे आहे. सिलिकॉन रबरातून वायू आणि पाण्याची वाफ ईपीडीएमच्या मानाने कितीतरी सहज आरपार जाते. नळी धडधाकट असली, सांधे कोरडे असले, तरी तिच्या भिंतीतून थोडे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते. संदेशातले 'घाबरू नका' एवढ्यापुरते ग्राह्य धरता येईल. मात्र या दोन प्रकारांतला फरक ओळखता येतो. भिंतीतून गेलेली वाफ मागे काही ठेवत नाही. सांध्यातून झिरपलेले कूलंट वाळल्यावर पांढरट किंवा रंगीत खपली ठेवते. क्लॅम्पच्या कडेला बोट फिरवून ती खपली हाताला लागली, तर ती गळती आहे, मग खाली डबके असो वा नसो. शंका राहिली तर थंड इंजिनावर हातपंपाच्या दाबमापकाने रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा आणि काटा काही मिनिटे स्थिर राहतो का ते पाहावे. हे काम कोणत्याही जाणत्या मेकॅनिककडे होते. काटा उतरतो पण बाहेर काहीच ओले दिसत नाही, किंवा इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतात, तर दोष नळीत नसून हेड गॅस्केटमध्ये, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ठोकळा यांच्यामधल्या पातळ सीलमध्ये, असण्याची शक्यता आहे आणि तो शोधून काढायला उशीर करू नये.

सिलिकॉनच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि गंमत अशी, की संदेशकर्त्याला तो ठाऊकच नाही. काळ्या रबरात काजळी असल्यामुळे ते थोडी वीज वाहून नेते. कूलंट आणि निरनिराळे धातू यांच्याबरोबर मिळून तिथे एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि नळीला आतून, सहसा टोकांजवळ, लांबट भेगा पडत जातात. बाहेरून नळी ठणठणीत दिसते आणि एके दिवशी फुटते. सिलिकॉन वीज वाहत नसल्याने हा रोग त्याला होत नाही. अवजड ट्रक आणि बस यांत सिलिकॉनच्या नळ्या अनेक वर्षांपासून वापरल्या जातात, तेही खरे. पण तिथे त्यांच्याबरोबर दाब कायम राखणारे क्लॅम्प आणि वेळेवर तपासणीही असते. दुसरीकडे, विजेच्या या झिजेला टिकणारी ईपीडीएमची नळीही जे20 मानकाच्या एका वर्गात बसते, म्हणजे एवढ्या कारणासाठी सिलिकॉनच घ्यावे लागते असेही नाही.

उरलेले मुद्दे फार वेळ घेण्यासारखे नाहीत. इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा ठरवतात. नळी बदलून ते दहा अंशांनी उतरत नाही. नुसते पाणी घातल्यास गंजरोधक रसायने मिळत नाहीत, ॲल्युमिनियम खराब होते, आणि त्या खराब झालेल्या तोटीवर सिलिकॉनचा सांधा आणखी लवकर गळतो. आयुष्यभर टिकण्याचे म्हणाल, तर साध्या सिलिकॉनला इंजिन ऑइल आणि पेट्रोल सोसत नाही. त्यावर ऑइल ठिबकत राहिले तर ते फुगते, मऊ पडते आणि क्लॅम्पखालून सरकते. व्हॉल्व्ह कव्हरमधून ऑइल झिरपणाऱ्या जुन्या गाडीत ही नळी बसवण्याआधी ते झिरपणे थांबवले पाहिजे.

मी ज्याला सर्वांत जास्त घाबरतो ते मात्र या सगळ्याहून वेगळे आहे. रोजचे थेंब 'सामान्य' मानून गाडी चालवत राहिले, की कूलंटची पातळी इतकी उतरते की तापमानाचा सेन्सर द्रवाबाहेर उघडा पडतो. मग तो वाफेचे किंवा हवेचे तापमान मोजतो आणि इंजिनचे हेड जळत असतानाही काटा मधोमध दिसू शकतो. ॲल्युमिनियमचे हेड त्यातच वाकते. घाबरून कुणी गरम इंजिनाचे झाकण उघडले, तर दाबाखाली 100 अंशांच्या वर असलेले पाणी एका क्षणात उकळून अंगावर येते, म्हणून वरची नळी हाताला थंड आणि मऊ लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. आणि जमिनीवर सांडलेले हिरवे वा गुलाबी कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावे: त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, मूत्रपिंडे निकामी करते, आणि कुत्र्यामांजरांना किंवा लहान मुलाला त्याची थोडी मात्राही जीवघेणी ठरू शकते. भाच्याच्या गाडीखाली ते तीन आठवडे साचत होते, आणि त्याच अंगणात त्याची दोन वर्षांची मुलगी खेळते.