संयम म्हणजे मन मारणं? अजिबात नाही

परत तो मेसेज आला. संयम म्हणजे इच्छा मारून टाकणं, ती ताकद जन्मजात असते, मार्शमॅलो टेस्ट नावाच्या मुलांवरच्या प्रयोगाने हे सिद्ध झालंय, विलपॉवर बॅटरीसारखी संध्याकाळपर्यंत उतरते आणि ज्याला जमत नाही तो कमजोर. यातलं जवळपास सगळं चूक आहे आणि लोक हे वाचून स्वतःला दोष देत बसतात म्हणून लिहितोय.

आधी शब्दच बघा ना. सम् अधिक यम्, यम् म्हणजे आवरून धरणं. आपण संयम बाळगतो, राखतो, कधी तो सुटतो, पण संयमाने काही "मारलं" असं कोणी म्हणतं का? मन मारणं हा आपल्याकडे वेगळाच वाक्प्रचार आहे, त्यात नाइलाज आहे, दुःख आहे. आणि मनाला मुरड घालणं वेगळं, तिथे इच्छा जिवंतच असते फक्त वळवलेली असते. कठोपनिषदात शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी असं सांगितलंय, तिथे घोडे मारायचे कुठे म्हटलंय, घोडे मेले तर रथ हलणार कसा? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर स्पष्टच आहे की वरवर इंद्रियं आवरून मनात त्याच विषयांचं चिंतन करणारा मिथ्याचारी, म्हणजे ढोंगी.

जन्मजात म्हणाल तर गीतेच्याच सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, त्यावर उत्तर येतं अभ्यासाने आणि वैराग्याने. जन्मजात असतं तर अभ्यास कशाला सांगितला असता?

आता ती मार्शमॅलो टेस्ट. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी 1960 च्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डला हे प्रयोग सुरू केले, मुलासमोर मार्शमॅलोसारखा गोड खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, आत्ता एक खा किंवा थांबलास तर दोन. मेसेजवाले जे सांगतच नाहीत ते हे की खाऊ झाकून ठेवला किंवा मुलांना दुसऱ्या गमतीच्या गोष्टीचा विचार करायला सांगितला की तशीच मुलं बराच जास्त वेळ थांबायची, म्हणजे ही युक्ती आहे आणि ती शिकवता येते. 2013 च्या एका प्रयोगात आधी मुलांना दिलेला शब्द मोठ्यांनी पाळला किंवा मोडला, तर ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली आणि ज्यांना दिलेला मोडला गेला ती फक्त 3. ज्या पोराला दिलेला शब्द मोडलाय त्याने समोरचं खाऊन टाकलं तर त्यात कमजोरी कसली, शहाणपणच आहे ते! आणि 2018 मध्ये 900 हून जास्त मुलांचा डेटा तपासला तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर लहानपणी थांबता येण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध फारच थोडा उरला.

बॅटरीचं म्हणाल तर ती कल्पना 1998 च्या प्रयोगामुळे गाजली, 2016 मध्ये 23 लॅबनी मिळून 2000 हून जास्त लोकांवर तपासली तर परिणाम जवळजवळ शून्य.

राहिला "कमजोर" हा शब्द, ज्याचा मला खरंच राग येतो. ज्यांचा संयम चांगला दिसतो ते दिवसभर मोहाशी कुस्ती खेळत नसतात, 2012 च्या एका अभ्यासात अशा लोकांनी मोह आणि ओढाताण कमीच होते असं सांगितलंय. तेव्हा रात्री फोन सुटत नसेल तर स्वतःला शिव्या देऊ नका, तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून झोपा, हाही संयमच आहे.