तीनपट, पण एका दिवसापुरतं

आठवडाभर एक मेसेज फिरतोय. आधी आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग नातेवाइकांच्या, आणि परवा भांडुपहून भाच्याने तोच पाठवला: 'मामा, हे करू का?' मेसेज थोडक्यात असा: अ‍ॅम्जेनसारखी अमेरिकन बायोटेक (जैवतंत्रज्ञानातून औषधं बनवणारी) कंपनी वर्षाला जेमतेम ३ टक्के डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, देते, त्यावरही अमेरिका कर कापते. त्यापेक्षा नॅस्डॅक-१०० या अमेरिकेतल्या १०० बड्या कंपन्यांच्या निर्देशांकावरचा तीनपट फंड, म्हणजे टीक्यूक्यूक्यू घ्या. निर्देशांक १० टक्के वाढला की तुमचे ३०. पडला तरी वर येतोच, फक्त थांबायची तयारी हवी.

भाच्याचे ८ लाख यात जाणार होते. घराच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेले. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'१० चे ३०.' हे वाक्य एका दिवसापुरतंच खरं आहे. फंडाच्या माहितीपत्रकातही उद्दिष्ट रोजच्या तिपटीचंच दिलंय, वर्षाच्या नाही. रोज बाजार बंद होताना तीनपटीचा हिशेब पुन्हा नव्याने जुळवला जातो. समजा निर्देशांक आणि फंड दोन्ही १०० वर आहेत. निर्देशांक आज २ टक्के पडून ९८ झाला, उद्या पुन्हा १०० वर आला. फंड आज ६ टक्के पडून ९४ वर येतो आणि उद्या साधारण ६.१२ टक्के चढून ९९.७६ वर थांबतो. पाव रुपया गेला, कोणाला जाणवतही नाही. पण हेच वर्षभराच्या २५० दिवसांत चाललं तर निर्देशांक जागच्या जागी १०० वर आणि फंड ७४ च्या आसपास. बाजार पडलेला नाही, तरी तुमचे २६ गेले. बाजार सरळ चढत राहिला तर याच हिशेबाने तिपटीहून जास्तही मिळतं, हे मी नाकारत नाही. हा फंड फेब्रुवारी २०१० मध्ये सुरू झाला, मंदीनंतरच्या लांबलचक तेजीच्या तोंडावर, आणि मेसेजमधला आलेख तिथूनच काढलाय. मार्च २००० ते ऑक्टोबर २००२ मध्ये नॅस्डॅक-१०० सुमारे ८३ टक्के पडला होता. तेव्हा असा फंड असता तर त्यात काय उरलं असतं, याचा विचार करा.

'पडला तरी वर येतो.' निर्देशांक येतो. २०२२ मध्ये नॅस्डॅक-१०० सुमारे ३३ टक्के पडला, फंड सुमारे ७९ टक्के. २०२३ मध्ये निर्देशांक जवळपास ५४ टक्के चढला आणि २०२१ अखेरची पातळी ओलांडून गेला. फंडही त्या वर्षी जवळजवळ तिप्पट झाला, तरी २०२१ अखेरच्या १०० रुपयांचे साठीच्या घरातच राहिले. त्याच २०२२ मध्ये अ‍ॅम्जेनचा भाव १५ टक्क्यांहून जास्त वाढला होता, डिव्हिडंड वेगळा.

उसन्या पैशाच्या व्याजाचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचा आला. तुमच्या १०० रुपयांवर ३०० रुपयांचा व्यवहार करायचा तर २०० रुपये उसनेच. फंड ते करारांतून करतो, पण व्याज भरावंच लागतं. जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२४ अमेरिकेत व्याजदर ५.२५ ते ५.५० टक्के होता, म्हणजे १०० रुपयांमागे वर्षाला १० रुपये आधीच वजा. दलाल स्ट्रीटवरच्या जुन्या मंडळींना उधारीवर सौदे करायची 'बदला' पद्धत आठवत असेल. तिथेही सौदा पुढे ढकलायचा तर व्याज मोजावं लागायचं, आणि २००१ मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने तो बंद केला. आपल्या म्युच्युअल फंडांना आजही पैसे काढणाऱ्यांची सोय म्हणून मालमत्तेच्या २० टक्क्यांपर्यंत, तेही सहा महिन्यांसाठीच, कर्ज काढता येतं.

'जेमतेम ३ टक्के.' हे आजच्या भावावर. अ‍ॅम्जेनने २०११ मध्ये डिव्हिडंड सुरू केला तेव्हा तिमाहीला २८ सेंट मिळायचे, २०२५ मध्ये २ डॉलर ३८ सेंट. तेव्हा भाव ५५ डॉलरच्या आसपास होता, म्हणजे त्या खरेदीवर २०२५ मध्ये वर्षाला १७ टक्के.

पण बायोटेक म्हणजे मुदत ठेव नव्हे. अ‍ॅम्जेनच्या हाडांवरच्या प्रोलिया या औषधाचं पेटंट अमेरिकेत २०२५ मध्ये संपलं, आणि २०२३ मध्ये होरायझन ही कंपनी २७.८ अब्ज डॉलरना घेताना मोठं कर्ज डोक्यावर आलं. गिलियड या दुसऱ्या बायोटेक कंपनीचंही उदाहरण आहे. तिने २०१५ मध्ये डिव्हिडंड सुरू केला. तिच्या औषधाने हिपॅटायटिस सी बरा व्हायचा, त्यामुळे बरा झालेला रुग्ण पुन्हा गिऱ्हाईक राहिला नाही. दोनेक वर्षांत भाव जवळजवळ निम्मा झाला.

कराचा मुद्दा लवकर संपतो. डिव्हिडंडवर अमेरिका २५ टक्के कापते, पण ठरलेला फॉर्म भरून इथल्या करातून त्याची वजावट मिळते. हा फंडही थोडंफार वाटप करतो, त्यावरही कापणी होते. विकताना दोन्हींना नियम एकच: २४ महिन्यांनंतर नफ्यावर १२.५ टक्के कर.

भाच्याला घर दोन वर्षांत घ्यायचंय. २०२१ अखेरीला त्याने हे ८ लाख फंडात टाकले असते तर वर्षभराने, रुपया घसरल्याचा फायदा धरूनही, दोन लाखांच्या आत राहिले असते, आणि दोन वर्षांनी साडेपाचच्या आसपास. त्याने पैसे बँकेतच ठेवलेत. अ‍ॅम्जेनही घेऊ नकोस, असंच मी त्याला सांगितलं.