केस गळतीचं ‘एकच कारण’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘केस गळण्याचं खरं कारण एकच, बोअरचं क्षाराचं पाणी आणि शाम्पू. बाई असो की पुरुष, उपाय तोच: मुंडन करा, कांद्याचा रस लावा, बायोटिन खा. रक्ततपासण्या ही लूट आहे. डॉक्टरांचं औषध लावलं की केस उलट जास्त गळतात.’ हा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. बाळंतपणाला चार महिने झालेल्या आमच्या भाचीने तो वाचून थायरॉइडची तपासणी रद्द केली, म्हणून हे उत्तर.

आधी पाणी. जड पाण्याने केसांवर थर बसतो, केस राठ होतात आणि तुटतात, एवढं खरं. पण तुटणं वेगळं, गळणं वेगळं. फणीतला केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळातून सुटलाय. नसेल तर मधूनच तुटलाय. आणि तो ठिपका पाहून ‘मूळच उपटून आलं’ असं घाबरू नका. केस तयार करणारं मूळ त्वचेतच राहतं आणि बहुतेकदा नवा केस उगवतो. दिवसाला 50 ते 100 केस जाणं साधारण आहे. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईला साठलेले केस एकदम दिसतात, आणि बिचारा शाम्पू बदनाम होतो.

2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांना काही दिवसांतच टक्कल पडायला लागलं, तेव्हाही पहिलं बोट पाण्याकडे आणि शाम्पूकडेच गेलं होतं. महाडचे डॉक्टर-संशोधक हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे आणि रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेतले आणि सेलेनियम भलतंच जास्त असल्याचं सांगितलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण किंचित. ते जास्त झालं की केस आणि नखं जातात. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या डबीवर या दोघांचं प्रमाण वाचा, आणि अशा दोन-तीन गोळ्या एकत्र घेऊ नका.

आता ‘एकच कारण’. पुरुषांमध्ये कपाळाचे कोपरे आणि टाळू विरळ होते, त्यामागे आनुवंशिकता आणि पुरुषी हार्मोन असतात. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने 1942 मध्येच हे दाखवलं. वयात येण्याआधी ज्यांचे वृषण निकामी झाले होते त्यांना टक्कल पडत नव्हतं. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले; ते थांबवल्यावर गळती थांबली, पण गेलेले केस परतले नाहीत. यात बोअरचं पाणी कुठे आलं? ‘टक्कल आईच्या वडिलांकडून येतं’ हेही याच मेसेजच्या शेपटाला जोडलेलं असतं. ते अर्धं खरं आहे, कारण एक महत्त्वाचं जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतं. बाकीची अनेक जनुकं दोन्हीकडून येतात.

बायकांमध्ये याच प्रकारात कपाळाची रेषा तशीच राहते आणि भांग रुंदावतो. सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोश आणि हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी हवी. रोज घट्ट पोनीटेल किंवा आंबाडा बांधणाऱ्यांचे केस कानशिलाजवळून मागे सरतात. ते सैल बांधणं हाच उपाय, आणि तोही वेळेत.

सगळ्यात घातक वाक्य ‘तपासण्या ही लूट’ हे आहे. एकदम मूठभर केस जायला लागले की कालचा शाम्पू आठवू नका, दोन-तीन महिने मागे जा. डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन, बाळंतपण, झपाट्याने केलेलं डाएट, यांचा धक्का बसला की एरवीपेक्षा जास्त केस एकदम विश्रांतीत जातात आणि साधारण तीन महिन्यांनी गळतात. कारण गेलं की बहुतेक वेळा हे सहा महिन्यांत थांबतं. पण बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडही बिघडू शकतं आणि त्यानेही केस जातात. हा फरक आरशात दिसत नाही, टीएसएच या थायरॉइडच्या रक्ततपासणीत दिसतो. तसंच लोहाचं. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे साठवणीतलं लोह, तळाला गेलेलं असू शकतं; म्हणून फेरिटिन वेगळं मागून घ्या. ते कमी निघालं तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. नाहीतर गोळी पोटात जाते, लोह रक्तात येत नाही.

बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. त्याची खरी कमतरता दुर्मीळ असते. मोठ्याला दिवसाला 30 मायक्रोग्रॅम पुरतं. बाजारातल्या गोळीत बऱ्याचदा 10,000 असतं. इतक्या डोसने थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिन तपासणीही खोटी कमी दाखवू शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने 2017 मध्ये तसा इशारा दिला. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगा. ती किती दिवस आधी थांबवायची ते तेच सांगतील.

‘औषधाने केस जास्त गळतात’ यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. मिनॉक्सिडिल हे टाळूवर लावायचं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, कारण विश्रांतीतले जुने केस ढकलले जाऊन नवी वाढ सुरू होते. नेमकं तेव्हाच लोक बाटली फेकतात. परिणाम जोखायला चार ते सहा महिने लागतात. लावायचं ते कोरड्या टाळूवर, केसांवर नव्हे. आणि बंद केलं की मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो, हे सुरू करण्याआधीच माहीत हवं.

मुंडनाने मुळांची संख्या बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून केस जाड वाटतो, इतकंच. कांद्याच्या रसाचा एक छोटा अभ्यास 2002 मध्ये आला होता, पण तो चाई पडलेल्यांवर, म्हणजे गोल चट्ट्यांत केस गेलेल्यांवर होता, आणि चाईचे केस अनेकदा आपोआपही परत येतात. पुरुषी टकलाशी त्याचा संबंध नाही.

त्वचारोगतज्ज्ञाकडे तातडीने जायचं ते अशा वेळी: टाळूची आग होते, त्वचा गुळगुळीत चकाकते आणि केसांची छिद्रंच दिसत नाहीत, कारण तिथली मुळं कायमची मरतात. लहान मुलाच्या डोक्यावर खवल्यांचा चट्टा पडून केस तुटत असतील तर तो बहुधा नायटा असतो. त्याला पोटातून औषध लागतं, घरातलं स्टेरॉइड मलम लावलं तर तो पसरतो. आणि नवऱ्याची फिनास्टेराइडची, म्हणजे पुरुषी टकलावरची, गोळी बायकोने घेऊ नये. गरोदर बाईने तर तिचे तुकडेही हाताळू नयेत, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष राहू शकतो.