‘आपल्या पावसात वाफे काय कामाचे?’ या मेसेजला उत्तर

पुण्यात आमच्या भागातला रस्ता नव्याने करायला घेतल्यापासून एक मेसेज सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: रस्ता आणि फूटपाथ यांच्यामध्ये खोलगट वाफे करून पाणी मुरवणं हे रिमझिम पावसाच्या देशांना ठीक, पुण्याखाली काळा कातळ आहे, पाणी मुरणार नाही, साचून डेंग्यू पसरेल, झाडांची मुळं रस्ता उखडतील, देखभालीअभावी वाफ्यांच्या कचराकुंड्या होतील, तेव्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काँक्रीट करा आणि खाली मोठा पाइप टाका. मेसेज पाठवणारी माणसं ओळखीची आहेत, त्यांच्या पार्किंगमध्ये खरोखर पाणी शिरलेलं आहे. म्हणून एकेक मुद्दा मनापासून घेतो.

आधी पावसाचं. सिएटल शहरात २००१ साली एका जुन्या गल्लीची पुनर्बांधणी करताना डांबरी पट्टा अरुंद केला आणि दोन्ही कडांना झाडं लावलेल्या उथळ चऱ्या काढल्या. तिथला पाऊस बहुतेक रिमझिम असतो, हे मेसेजमधलं म्हणणं बरोबर आहे. पण सिंगापूरचं काय? तिथे वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्याच्या अडीच पटीहून अधिक, आणि तो आपल्या वळवासारखाच कोसळतो. तिथे २००६ पासून रस्त्याकडेला, उद्यानांत, इमारतींच्या आवारात पाणी थोपवून गाळणारे वाफे सरकारी कार्यक्रम म्हणून होत आहेत. बिशान उद्यानातला काँक्रीटचा कालवा तर फोडून २०१२ पर्यंत तिथे पुन्हा वळणावळणाची नदी वाहती केली.

आता आपल्या रस्त्याचा हिशोब करू, कारण सगळा वाद इथेच मिटतो. रस्ता १८ मीटर रुंद आहे. त्याचा १०० मीटरचा तुकडा घ्या: १,८०० चौरस मीटर. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १८,००० लिटर पाणी होतं, म्हणजे जवळजवळ दोन टँकर. गेट, वळणं, बसथांबा यांची जागा सोडून दोन्ही बाजूंना मिळून दीड मीटर रुंदीचे ८० मीटर वाफे बसले, तर १२० चौरस मीटर जागा झाली. वाफा रस्त्यापेक्षा १५ सेंटिमीटर खोल ठेवला की त्यातच १८,००० लिटर मावतात. खाली ६० सेंटिमीटर भुसभुशीत, वाळूमिश्रित माती घातली आणि तिच्यात पाचवा हिस्सा पोकळी धरली, तर आणखी १४,४०० लिटर. म्हणजे साधारण १८ मिलिमीटर पाऊस गटाराकडे जायच्या आधीच थांबला. पुण्यातल्या पावसाळ्याचे बरेचसे दिवस एवढ्यातच बसतात.

त्याहून मोठा पाऊस आला तर? वाफा भरतो, आणि त्याच्या वरच्या पातळीवर ठेवलेल्या जाळीतून जादा पाणी नेहमीच्या पावसाळी गटारात जातं. पाइप काढून टाका असं कुणीच म्हणत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईची जुनी गटारव्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती, पुढे ते मान ५० वर न्यायचं ठरलं. असल्या पावसाला वाफा पुरत नाही, तसा पाइपही पुरत नाही. पण रोजचं पाणी पाइपाबाहेर राहिलं तर मोठ्या दिवसासाठी त्यात जागा उरते.

कातळाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर सध्या आमच्या कोपऱ्यावर उघडं पडलं आहे. खणलेल्या चराच्या काठावर उभं राहून पाहा. वर डांबराचे थरावर थर, पापुद्र्यासारखे. प्रत्येक थराने रस्ता उंच केला आणि आमची पार्किंग खाली गेली. त्याखाली खडी. त्याखाली तांबूस-पिवळा मुरूम, पहारीच्या टोकाने भुगा होणारा. काळा दगड माणूसभर खोलीवरही दिसत नाही. मुरमातून पाणी मुरतं. जुन्या पुण्यातल्या कित्येक आडांना आणि विहिरींना पाणी जमिनीतूनच येत होतं. जिथे कातळ खरंच वर आलाय तिथे वाफ्याच्या तळाशी छिद्रांचा पाइप टाकून तो गटाराला जोडतात. तिथे पाणी मुरत नाही, पण उशिरा आणि गाळून पोहोचतं. सगळ्या रस्त्यांचं पाणी एकाच वेळी ओढ्यात उतरलं की काय होतं, ते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीच्या पुरात पुण्यातल्या आंबिल ओढ्याकाठच्या वस्त्यांनी भोगलं आहे.

डेंग्यूचा डास अंड्यातून उडण्याइतका व्हायला आठवडाभर तरी लागतो. नीट बांधलेला वाफा एक-दोन दिवसांत कोरडा होतो. आठवडाभर पाणी धरून बसतात ते गाळाने तुंबलेले चेंबर.

मुळांविषयी थोडक्यात: बुंध्याला काँक्रीटने आवळलं की मुळं हवा-पाण्यासाठी वर येतात आणि फरशा उचलतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं, ते उगाच नव्हे. आमच्याकडे गेल्या वेळी ठेकेदाराने काँक्रीट थेट गुलमोहराच्या सालीला भिडवलं होतं. तो पुढच्याच पावसाळ्यात पडला.

मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट मात्र खरी आहे: देखभाल झाली नाही तर हे वाफे कचराकुंड्या होतील. कर्बमध्ये, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या दगडी काठात, पाणी वाफ्यात यावं म्हणून ठेवलेल्या फटीशी पाचोळा आणि बांधकामाची माती अडकते, आणि हाताची ओंजळभर माती सगळा वाफा निकामी करते. म्हणून फटीच्या आत लगेच गाळ थांबायला लहानसा दगडी हौद हवा, तो मेअखेरीस आणि पहिल्या दोन-तीन सरींनंतर उपसायला हवा, आणि हे काम निविदेतच हवं.

चर अजून उघडा आहे, कर्बचे दगड अजून ट्रकवर आहेत. आराखड्यात फटी, वाफ्यांची पातळी आणि उपसण्याचं काम मागणारं पत्र मी लिहिलं आहे. बुधवारी संध्याकाळी सात वाजता ते घेऊन कोपऱ्यावर उभा असेन. सही करायची नसली तरी या, मुरूम हातात घेऊन पाहा.