‘जंगलाचा पैसा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जिरतो’ या म्हणण्याला उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी वर ‘तुमच्याबद्दलच आहे’ असंही लिहिलं होतं. त्याचा मथितार्थ असा: निसर्गसंवर्धन संस्थांमध्ये बड्या देणगीदारांकडून निधी आणायला जी माणसं नेमलेली असतात, त्यांचं काम म्हणजे श्रीमंतांची हांजी हांजी. त्यांचे पगार जंगलाच्या पैशातून निघतात. संस्था लोकवर्गणीवर चालायला हव्यात. बड्या देणग्या घेतल्या की काय वाचवायचं हे पैसेवालेच ठरवतात. म्हणून ही मधली माणसं काढून टाका आणि पैसे थेट जंगलाला द्या.

मी १४ वर्षं हेच काम करते आहे. लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे असं धरून चालते, कारण निसर्गाबद्दल आस्था नसलेला माणूस इतका चिडून लिहीत नाही. पण त्यातली चार विधानं चुकीची आहेत आणि एक अर्धं खरं आहे. त्या अर्ध्या खऱ्याला मी जास्त जागा देणार आहे.

आधी हांजी हांजीबद्दल. माझ्या यादीत देणगी देऊ शकतील अशा माणसांची शंभराच्या आसपास नावं असतात. त्यातल्या जेमतेम वीस जणांकडे मी वर्षभरात प्रत्यक्ष पैसे मागते. उरलेला सगळा वेळ वाचण्यात, माणसांना भेटण्यात, त्यांना जागेवर नेऊन दाखवण्यात, प्रस्ताव लिहिण्यात आणि त्याहून जास्त हिशेब देण्यात जातो. मागणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग. आणि खुशामतीने तर काहीच हाती लागत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो सकाळपासून रात्रीपर्यंत खुशामतच ऐकत असतो, त्याला ती दुरून ओळखू येते. त्याच्या कानावर जे सहसा पडत नाही ते म्हणजे वाईट बातमी.

एका वर्षी आम्ही एका उघड्या पडलेल्या डोंगरउतारावर रोपं लावली होती. पाऊस लांबला आणि निम्म्याहून जास्त रोपं वाळली. खर्च एका बाईंच्या देणगीतून झाला होता. वार्षिक अहवालाला अजून सात महिने होते. मी त्याच आठवड्यात त्यांना पत्र लिहिलं, वाळलेल्या ओळींचे फोटो जोडले आणि आमचं काय चुकलं तेही लिहिलं: पाणी धरून ठेवणाऱ्या चरांचं काम पुरं व्हायच्या आधीच आम्ही लागवडीची घाई केली होती. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. ‘कळवलंत हे बरं केलंत. चर खणायला किती लागतील?’ याच प्रसंगी दुसऱ्या एका देणगीदाराला मी असंच पत्र पाठवलं होतं, त्यांनी पुढची देणगी थांबवली. तरीही दोन्ही पत्रं जायलाच हवी होती.

आता पगार. या लिखाणाने एक समज पसरवला आहे, की आम्ही आणलेल्या रकमेतली टक्केवारी घेतो. घेत नाही. असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या निधी उभारणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनेची आचारसंहिता १९६४ पासून आहे आणि तिच्यात टक्केवारीवर मोबदला घ्यायला स्पष्ट मनाई आहे. कारण उघड आहे. मला टक्केवारी मिळत असती, तर मी तुमच्या मागे लागले असते, आजच्या आज सही करा म्हणाले असते आणि संस्थेला न झेपणारी देणगीसुद्धा पदरात पाडून घेतली असती. ठरलेला पगार असल्यामुळेच मला ‘आत्ता देऊ नका, आमची तयारी नाही’ असं म्हणता येतं. ते मी म्हटलेलंही आहे.

राहिला प्रश्न पगार द्यावाच का याचा. संस्थेच्या खर्चातले किती टक्के प्रशासन आणि निधी उभारणीवर गेले, एवढ्या एकाच आकड्यावर संस्था जोखायची सवय जुनी आहे. २०१३ साली गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतल्या तीन संस्थांनी देणगीदारांना एक खुलं पत्र लिहिलं: हा एकटा आकडा संस्थेचं काम सांगत नाही, तिचे परिणाम, पारदर्शकता आणि कारभार पाहा. महत्त्वाचं हे, की हे सांगणाऱ्या या तिघी स्वतःच इतर धर्मादाय संस्थांची माहिती गोळा करणाऱ्या, त्यांचं मूल्यमापन करणाऱ्या होत्या. हिशेबनीस नसलेल्या, गाडीच्या दुरुस्तीला पैसे नसलेल्या, निधीसाठी एकही माणूस नसलेल्या संस्थेचा आकडा कागदावर छान दिसतो. तिसऱ्या वर्षी तिचे वनरक्षक पगाराविना घरी बसतात.

लोकवर्गणीचा मुद्दा मला मनापासून जवळचा आहे आणि तिच्या विरोधात एक शब्दही मी लिहिणार नाही. १९६१ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ ही वन्यजीव वाचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली तेव्हा ब्रिटनमधल्या एका दैनिकाने पहिल्या पानावर गेंड्याचा फोटो छापून आवाहन केलं आणि सामान्य वाचकांनी भरभरून पैसे पाठवले. पण याच संस्थेची पुढची गोष्ट त्या मजकुरात नाही. १९७० मध्ये तिने एक कायम निधी उभारायला घेतला: १,००१ माणसांनी प्रत्येकी १० हजार डॉलर द्यायचे, म्हणजे सुमारे १ कोटी डॉलर, आणि त्याच्या व्याजातून संस्थेचा मूळ प्रशासकीय खर्च भागवायचा. म्हणजे ज्या पगारांवर इतका राग आहे, ते भागवायला तिथे मोठे देणगीदारच पुढे आले. (त्या १,००१ जणांची नावं जाहीर केली गेली नाहीत, त्यावरून टीका झाली, आणि ती टीका रास्त होती. मोठा पैसा उजेडात यायला हवा.)

शिवाय मोठा देणगीदार म्हणजे अब्जाधीश, हे तरी कुणी ठरवलं? द नेचर कन्झर्व्हन्सी या अमेरिकेतल्या निसर्गसंवर्धन संस्थेने १९५५ मध्ये पहिली जमीन घ्यायला मदत केली, न्यूयॉर्क राज्यातल्या मायनस नदीच्या घळीतली ६० एकर. तिथल्या रहिवाशांनी पैसे उभे करायला आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या. संस्थेने ७,५०० डॉलर दिले, तेही परत करायच्या बोलीवर, म्हणजे तीच रक्कम पुढच्या जमिनीसाठी वापरता यावी. स्वतःच्या ऐपतीच्या हिशेबाने याहून मोठी देणगी मी पाहिलेली नाही. माझ्या यादीतही निवृत्त शिक्षिका आहेत, मृत्युपत्रात राहतं घर लिहून ठेवणारे आहेत.

आता ते अर्धं खरं विधान: काय वाचवायचं ते पैसेवाले ठरवतात.

हा धोका खरा आहे. वाघ, हत्ती, पांडा यांच्यासाठी पैसे मिळतात. गवताळ माळासाठी मिळत नाहीत, शिंपल्यांसाठी मिळत नाहीत, गांडुळांसाठी तर कुणी विचारतसुद्धा नाही. नवी इमारत बांधायला देणगी येते, तिचं छप्पर दुरुस्त करायला येत नाही. देणगीदार अट घालतो, संस्था पैशाच्या ओढीने ती मान्य करते आणि पाच वर्षांनी लक्षात येतं की आपण आपलं मूळ काम सोडून भलतंच करत बसलो आहोत. असं होताना मी पाहिलं आहे.

पण हे थांबवायचं कुणी? जी माणसं काढून टाकायला सांगितलं आहे, त्यांनीच.

एका पाणथळ जागेसाठी आम्ही निधी शोधत होतो. मोठ्या उद्योगातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तयार झाले. त्यांना तिथे काचेच्या भिंतींचं अभ्यागत केंद्र बांधायचं होतं, दारावर पत्नीचं नाव. रक्कम आमच्या वर्षाच्या खर्चाहून मोठी होती. मी त्यांना घेऊन तिथे गेले, सोबत आमची पक्षी-अभ्यासक होती. तिने त्यांना आधी बंधाऱ्याच्या टोकाला नेलं. तिथला जुना लोखंडी दरवाजा गंजून अर्ध्यावर अडकलेला होता. तिने शांतपणे सांगितलं: हा उघडत नाही, त्यामुळे विणीच्या दिवसांत पाणी उतरत नाही, पाण्याबाहेर यायला हवी ती चिखलाची बेटं बुडालेली राहतात आणि त्यांवर घरटी करणारे पक्षी दरवर्षी अंडी गमावतात. केंद्र बांधायचं ठरलं होतं ती जागा त्या बेटांच्या समोरच, पन्नास पावलांवर होती. परतताना गाडीत मी त्यांना म्हणाले, ‘केंद्रासाठी आम्ही तुमचे पैसे घेऊ शकणार नाही. दरवाजासाठी आणि तो चालवणाऱ्या माणसासाठी घेऊ.’ ते काहीच बोलले नाहीत. पुढे आठ महिने त्यांचा फोन नाही. संस्थेत मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. मग एके दिवशी फोन आला. पहिलं वाक्य: ‘तो दरवाजा अजून तसाच आहे का?’

प्रत्येक नकाराचा शेवट असा होत नाही. बहुतेक वेळा फोन येत नाही. म्हणूनच कुठली देणगी घ्यायची आणि कुठली नाही याचं धोरण संस्थेने आधीच लेखी करून ठेवायला हवं, तो निर्णय माझ्यासारख्या एकटीच्या धैर्यावर सोडायला नको.

मोठ्या प्रमाणावरही हेच दिसतं. तेलसम्राट रॉकफेलर यांचे पुत्र जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी अमेरिकेतल्या ग्रँड टीटन डोंगररांगेच्या पायथ्याची जमीन १९२०च्या दशकाच्या शेवटी एका कंपनीच्या नावाने, आपलं नाव गुप्त ठेवून विकत घ्यायला सुरुवात केली. ते उघड झाल्यावर स्थानिक लोक इतके भडकले की वाद दोन दशकं चालला. ३० हजारांहून जास्त एकर जमीन सरकारकडे जायला १९४९ साल उजाडलं आणि राष्ट्रीय उद्यानाला आजचा विस्तार १९५० मध्ये मिळाला. डग्लस आणि क्रिस्टीन टॉम्पकिन्स या अमेरिकन उद्योजक दांपत्याने नव्वदच्या दशकात चिलीत जमिनी घेतल्या तेव्हा त्यांच्यावरही नाही नाही ते संशय घेतले गेले. २०१५ मध्ये डग्लस वारले. पुढे क्रिस्टीन यांनी चिली सरकारशी करार केला आणि २०१८ मध्ये सुमारे १० लाख एकर जमीन राष्ट्रीय उद्यानांसाठी सरकारच्या हवाली झाली. सरकारने आपली कितीतरी मोठी जमीन त्यात घातली. त्या जमिनीचं पुढे काय करायचं हे आज देणगीदार ठरवत नाही. मोझांबिकमधल्या गोरोंगोसा उद्यानात यादवी युद्धानंतर मोठे प्राणी जवळपास संपले होते. तिथे ग्रेग कार या अमेरिकन उद्योजकाच्या संस्थेने २००८ मध्ये सरकारसोबत २० वर्षांचा सहव्यवस्थापनाचा करार केला आणि २०१८ मध्ये तो आणखी २५ वर्षांनी वाढवला. बड्या पैशाकडे संशयाने बघावंच. पण तपासायचं ते हे: करार उघड आहे का, मालकी कुणाकडे जाते, स्थानिक लोकांना विचारलं होतं का, देणगीदार निघून गेल्यावर काम चालू राहील का.

गोड बोलता आलं की हे काम जमतं, असंही त्या मजकुरात जाता जाता म्हटलं आहे. मी अडखळत बोलते. सोडून देऊ.

शेवटचं, पैसे थेट जंगलाला द्या. जंगलाला बँकखातं नसतं. ‘थेट’ म्हणजे प्रत्यक्षात वनरक्षकाचा पगार दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, गस्तीच्या गाडीचं इंधन, कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या, आणि हे सगळं दहा-वीस वर्षं न चुकता. कुणीतरी तो पैसा आणावा लागतो, कुणीतरी तो ज्या कामासाठी आला त्याच कामावर खर्च झाला हे पाहावं लागतं, आणि देणाऱ्याला तसं लिहून कळवावं लागतं.

त्या बंधाऱ्याचा दरवाजा आता दरवर्षी विणीच्या आधी उघडतो. तो चालवणाऱ्या माणसाचा पगार देणगीच्या मुदलाला हात न लावता व्याजातून निघतो. ते गृहस्थ गेल्या वर्षी गेले. यंदाचा अहवाल मी त्यांच्या मुलीच्या नावाने लिहायला घेतला आहे. बेटांवरच्या घरट्यांची मोजणी परवा हातात आली, आणि एका बेटावरची संख्या घटली आहे. ती का घटली, हे पक्षी-अभ्यासकाकडून समजून घेतल्याशिवाय मी तो पाठवणार नाही.