तेल कुठलं घातलायसा?

टिळकवाडीच्या रेल्वे फाटकात अडकलेला बेळगावकर एक तर वाकून पलीकडे जाता येतंय का बघतो, नाहीतर शेजारच्या गाडीवाल्याला सल्ला देतो. माझी बुलेट जुनी, साडेतीनशे सीसीची. रेडिएटर वगैरे लाड नाहीत. वारा लागेल तेवढीच थंड. गाडी उभी की वारा बंद, मग सगळी भिस्त तेलावर. मे महिन्यात मालगाडी जाईपर्यंत माझ्या नडगीवर भाकरी भाजून निघते.

"मास्तर, फुल सिंथेटिक घाला की," शेजारचा म्हणाला. झालं!

गल्लीतल्या काकांनी सांगितलं, जुन्या इंजिनाला सिंथेटिक म्हणजे म्हाताऱ्याला जीन्स. खानापूरहून मेहुण्याचा फोन, "भावजी, मिनरल ते मिनरलच." मिनरल म्हणजे कच्च्या तेलातून गाळलेलं, सिंथेटिक म्हणजे कारखान्यात घडवलेलं. सीमाप्रश्नावर महाजन आयोगानं १९६७ साली निदान अहवाल तरी दिला, तेलाच्या प्रश्नावर आमच्याकडं फक्त सुनावण्या.

शेवटी दुकानात गेलो. कन्नडमध्ये तेलाला आमच्याकडं एण्णी म्हणतात, आणि पोरांच्या तोंडी दारूलाही एण्णीच. मी खणखणीत आवाजात "फुल सिंथेटिक एण्णी कोडरी" म्हणालो, तेव्हा मागं माझे दहावीचे दोन विद्यार्थी उभे होते. वर्षभरात माझ्या एकाही वाक्याकडं त्यांनी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

घाईघाईत सगळ्यात महागाचा सोनेरी डबा उचलला. ५डब्ल्यू-३०. महाग ते चांगलं, हा साडीखरेदीतून शिकलेला नियम. सुट्टीच्या दिवशी घरीच जुनं तेल काढून नवं ओतलं आणि बायकोला घेऊन चोर्ला घाटाकडं निघालो. चढावर मूठ पिळली. इंजिन सभेतल्या पुढाऱ्यासारखं गरजलं, चाक मात्र आपल्याच चालीनं.

"अहो," मागून आवाज आला, "आवाज पुढं गेलाय, आपण मागंच आहोत."

मेस्त्रीनं डबा बघितला आणि माझ्याकडं बघितलं. मला डब्याचा हेवा वाटला.

"कारचं घातलायसा. कारचा क्लच कोरडा असतोय. तुमचा क्लच ह्याच तेलात अंघोळ करतोय. घर्षण कमी करायची औषधं असतात ह्यात. मग प्लेटा धरणार कशा? घसरणारच की!"

डब्यामागं तेलात बुडालेल्या क्लचसाठीची जपानी दर्जाखूण, 'जासो एमए' नाहीतर 'एमए२', बघायची, 'एमबी' नको, ते गिअर नसलेल्या स्कूटरला, हे त्यानं तिथंच पाठ करून घेतलं. सिंथेटिकचा दोष नव्हताच. उलट तापून तापून ते लवकर मोडत नाही, म्हणजे फाटकात उभ्या बुलेटला चांगलंच. डब्ल्यू म्हणजे विंटर: आधीचा आकडा लहान तितकं तेल थंडीत चटकन वाहतं, नंतरचा मोठा तितकं शंभर अंशालाही दाट राहतं. बेळगावात थंडी पडते, पण स्वेटरात भागणारी. तिला पाचाचं काय कौतुक?

मग कुठलं घालायचं? गाडीच्या पुस्तिकेतच छापलेलं होतं: १५डब्ल्यू-५०. पुस्तिका देव्हाऱ्याखालच्या खणात, गाडीच्या पूजेच्या सुपारीसकट. प्लास्टिक तसंच.

आता जासोवालं सिंथेटिक घातलंय. गाडी चढते, बायको मागं गप्प बसते. यातलं नेमकं काय तेलामुळं, सांगता येत नाही. सोनेरी डब्यात थोडं उरलं होतं, ते अंगणातल्या लोखंडी गेटच्या बिजागऱ्यांना घातलं. कुरकुर एकदम बंद. गेटाला क्लच नसतो.