लाइफ कोच गाठण्याआधी आणि गाठल्यावर

लाइफ कोच म्हणजे ठरवलेल्या गोष्टी पार पाडायला फी घेऊन मदत करणारा माणूस. तो भेटल्या भेटल्या सल्ले द्यायला लागला, तर ते कोचिंग नाही. सल्ला द्यायला आपल्याकडे मामा-काका भरपूर आहेत. कोचचं काम विचारण्याचं. तुम्हीच ठरवलेली गोष्ट या आठवड्यात होईल इतकी बारीक करून घ्यायची आणि पुढच्या भेटीत तिच्याबद्दल न विसरता विचारायचं. एवढं नीट झालं तर पैसे वसूल. माझ्या मते बाकीचं बहुतेक सजावट आहे.

पहिल्या भेटीत बहुतेक जण एक वर्तुळ काढायला लावतात. त्याचे आठ भाग: तब्येत, पैसा, काम, घरची माणसं, मित्रमंडळी, शिकणं, विरंगुळा, राहतं घर. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे, गुण आजच्या परिस्थितीला न देता 'असायला हवं' त्याला दिले जातात. दुसरी, सगळ्यात कमी गुणांचा भाग आधी धरला जातो. खरं तर ज्याला हात लावला की बाकीचे दोन-तीन भागही हलतील, तो धरावा. बऱ्याचदा तो झोपेचा किंवा पैशांच्या हिशेबाचा असतो. चांगला कोच पुढे विचारतो, "चार दिलेत, मग दोन का नाही?" यातून आत्ता काय बरं चाललंय ते कळतं. मग, "चाराचे पाच झाले तर घरात काय वेगळं दिसेल?" 'मन शांत होईल' हे उत्तर त्याने घेऊ नये. 'रात्री साडेदहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला असेल' हे उत्तर घ्यावं.

आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. 'तुम्हाला काय हवंय?' या प्रश्नाला उत्तर येतं, 'मुलाचं मार्गी लागू दे, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट होऊ दे.' हे खोटं नसतं, पण ते त्यांचं एकटीचं नसतं. अशा वेळी कोचने घाई न करता पुन्हा विचारायला हवं, "हे सगळं झालं असं धरा. मग मंगळवारी दुपारी तुम्ही काय करत असाल?" उत्तर यायला वेळ लागतो. तो द्यावा.

आता आवराआवर. यासाठी कोचची वाट पाहायची गरज नाही. अर्धा तास बसा आणि डोक्यात जे जे अडकलंय ते कागदावर उतरवा: गॅसची केवायसी, बाबांच्या डोळ्यांची तपासणी, विम्याचा हप्ता, मावशीला करायचा फोन, सोडलेला गाण्याचा क्लास. सत्तर-ऐंशी ओळी झाल्या तरी घाबरू नका. मग एकेक ओळ वाचून पुढची हातांनी करायची कृती लिहा. 'पीएफ' हे काम नाही. 'जुन्या सॅलरी स्लिपवरून यूएएन नंबर (पीएफचा क्रमांक) वहीत लिहिणे' हे काम आहे. 'माळा आवरणे' हेही काम नाही. 'माळ्यावरचे डावीकडचे दोन डबे खाली काढणे, रविवारी चहानंतर' हे आहे. याद्या वर्षानुवर्षं पडून राहतात त्या आळसामुळे नव्हे, तर ओळ वाचून नेमकं काय करायचं तेच कळत नाही म्हणून. शेवटी जी कामं यंदा करायचीच नाहीत, त्यांच्यावर काट मारा. ही पायरी लोक गाळतात आणि यादी पुन्हा फुगते.

काम ठराविक प्रसंगाला बांधा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 'अमुक झालं की तमुक करीन' अशा आखणीवर बरंच संशोधन केलंय. नुसत्या इराद्यापेक्षा ती जास्त टिकते. 'रोज हिशेब लिहीन' यापेक्षा 'कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत आजचा खर्च लिहीन' हे बरं.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या 2010 च्या अभ्यासात साधारण 66 दिवस लागलेले दिसतात, आणि माणसागणिक हा आकडा 18 पासून 254 पर्यंत बदलतो. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हेही त्यातच आहे. म्हणून कोचबरोबर दर दोन आठवड्यांनी एक तास, अशा सहा भेटी म्हणजे जवळपास तीन महिने, ही रचना मला शिबिरापेक्षा खूप शहाणपणाची वाटते.

भारतात लाइफ कोच व्हायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. कुणीही पाटी लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं प्रमाणपत्र असेल तर किमान प्रशिक्षण आणि सरावाचे तास झालेत एवढं कळतं. बाकी खात्री पहिल्या बोलण्यातच करा: गुप्ततेचं काय, भेट रद्द झाली तर काय, मराठीत बोललं तर चालेल ना. वर्षाची फी आगाऊ मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडलीय, कशातच रस नाही, किंवा एकदाही जगणं नकोसं वाटलंय, असं असेल तर कोच नको, डॉक्टर हवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. असं काही दिसत असताना 'आपण सकारात्मक राहू' म्हणत पुढची भेट ठरवणारा कोच त्याच दिवशी सोडावा.